प्रवेश मिळाल्यानंतर

जुलै १९१३ मध्ये २२ वर्षांचे भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी दिलेली शिष्यवृत्ती महिन्याला साडेअकरा पौंडांची होती आणि तिची मुदत तीन वर्षांची. त्यातूनच घरी पत्नी रमाबाईंनाही पैसे पाठवायचे होते. सुरुवातीला ते हार्टली हॉल या वसतिगृहात राहिले. तिथलं जेवण मानवेना, म्हणून काही दिवसांतच ते कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये मुक्काम पडला आणि नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याची सोबत मिळाली. १९१६ मध्ये आंबेडकर लंडनला निघाले, तेव्हा अर्थशास्त्राचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी तिथले विचारवंत सिडनी वेब यांच्या नावे परिचयपत्र लिहून दिलं. वर्षभरात शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले ते स्वतःच्या साठवलेल्या पैशांवर, कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या मदतीवर आणि त्याच भथेनांनी दिलेल्या पाच हजार रुपयांच्या कर्जावर.

आंबेडकरांची बुद्धी आणि त्यांचे कष्ट यांविषयी मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे, आणि ते योग्यच आहे. या प्रकरणासाठी मात्र त्या कष्टांना पुरून उरण्याचं बळ कुठून आलं, हे पाहायचं आहे. दरमहा मिळणारी ठरावीक रक्कम, झोपायला खोली, अडीअडचणीला धावून येणारा खोलीतला मित्र आणि पुढच्या दारावर आपलं नाव सांगणारा शिक्षक. पुढे १९३० मध्ये कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात आंबेडकरांनी लिहिलं, की आयुष्यातले आपले सर्वांत चांगले मित्र म्हणजे तिथले काही वर्गबंधू आणि तिथले थोर प्राध्यापक. आपल्या देशात ज्या तरुणाला सार्वजनिक पाणवठ्याला हात लावू दिला जात नव्हता, त्याला सातासमुद्रापार एक विद्यापीठ आपलं वाटलं. ते वाटणं आभाळातून पडलं नव्हतं. त्यामागे माणसं आणि सोयी होत्या.

मोठ्या विद्यापीठात विद्यार्थी कशामुळे टिकतो, या प्रश्नाचं उत्तर याच दिशेला आहे. आपलेपणा ही स्वागत समारंभात भाषणातून वाटायची भावना नव्हे. ती रोजच्या व्यवस्थेतून तयार होते आणि व्यवस्था कोसळली की पहिल्यांदा तीच नाहीशी होते.

गळती कुठून लागते

पूर्वी विद्यार्थ्याने शिक्षण मध्येच सोडलं, की दोष त्याच्यावर टाकून विषय संपवला जाई. कुवत नव्हती, चिकाटी नव्हती, घरचं लक्ष नव्हतं, असं म्हणून सगळे मोकळे होत. व्हिन्सेंट टिंटो या अमेरिकी अभ्यासकाने १९७५ मध्ये या समजुतीला वेगळं वळण दिलं. त्याच्या मते विद्यार्थी सोडून जातो, तेव्हा त्याची आणि संस्थेची वीण कुठेतरी सुटलेली असते. ही वीण दुहेरी असते. एक अभ्यासाची, म्हणजे वर्ग, परीक्षा, शिक्षकांशी बोलणं. दुसरी माणसांची, म्हणजे मित्र, वसतिगृह, मंडळं, कार्यक्रम. १९८७ मध्ये टिंटोने हा विचार पुस्तकातून सविस्तर मांडला आणि जगभरची विद्यापीठं गळतीकडे स्वतःची जबाबदारी म्हणून पाहू लागली.

या विचारावर एक रास्त आक्षेपही आला. विल्यम टिअर्नी या अभ्यासकाने १९९२ मध्ये विचारलं, की जुळवून घ्यायचं ते नेमकं कोणी? ज्याचं घर, भाषा आणि समाज विद्यापीठाच्या वळणापासून दूर आहे, त्याने स्वतःला मागे टाकून यायचं, की विद्यापीठानेही दोन पावलं पुढे यायचं? महाराष्ट्रात हा प्रश्न रोज उभा राहतो. बारावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलगी तालुक्याच्या गावातून पुण्याला येते आणि पहिल्याच आठवड्यात क्रेडिट, इंटर्नल, सबमिशन, एटीकेटी अशा शब्दांनी घेरली जाते. वर्गात इंग्रजीतून प्रश्न विचारणारी मुलं तिला आपल्यापेक्षा हुशार वाटतात. बोनाफाईड कुठल्या खिडकीवर मिळतं, हे विचारायलाही ती संकोचते. हे सगळं इतरांना आधीपासून ठाऊक आहे आणि आपल्यालाच नाही, अशी तिची समजूत होते. घरात पदवीपर्यंत पोहोचलेलं कोणी नसेल, तर ती समजूत खोडून काढणाराही कोणी नसतो.

तिच्या अडचणीचं मूळ तिच्या कुवतीत नाही. विद्यापीठाचे अलिखित नियम तिला कोणी सांगितलेले नाहीत, एवढंच. पण वेळेवर कोणी भेटलं नाही, तर पहिल्या सत्राच्या अखेरीस याच गोष्टीचा निष्कर्ष ती 'आपल्याला जमणार नाही' असा काढते.

आधी वसतिगृह

शिक्षणाची दारं उघडून भागत नाही, आत आलेल्याच्या पोटाची आणि पाठीची सोय लागते. हे महाराष्ट्राने कुठल्याही परदेशी संशोधनाची वाट न पाहता ओळखलं होतं. १९०१ मध्ये शाहू महाराजांच्या पाठबळाने कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. पाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहं निघाली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभं राहिलं. खेड्यातल्या मुलाला कोल्हापुरात शाळा होती, पण रात्री पाठ टेकायला जागा नव्हती. महाराजांनी नेमकी तीच अडचण हेरली. वसतिगृहं जातवार होती, कारण त्या काळी एका पंगतीला बसायला समाज तयार नव्हता.

पुढचं पाऊल कर्मवीर भाऊराव पाटलांनी टाकलं. ते स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेले. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथे सगळ्या जातिधर्मांची मुलं एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एकाच पंगतीला जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नाव मिळालं. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना मोडला आणि अखेर मंगळसूत्रही दिलं. या बोर्डिंगात मुलगा फुकट खाणारा नव्हता. तो शेतात राबत असे, भांडी घाशीत असे, पाणी भरत असे. घेतलेल्या मदतीचं ओझं वाटू नये आणि संस्था आपल्याही हातांनी चालली आहे हे कळावं, अशी ती रचना होती. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं आणि 'कमवा व शिका' ही पद्धत महाविद्यालयापर्यंत पोहोचली.

हीच जाणीव इतरत्रही दिसते. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांना यावं म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभं राहिलं आणि मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी त्याला वसतिगृहांची जोड मिळाली. पुण्यात १९५५ मध्ये डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती सुरू केली. ग्रामीण भागातल्या गरजू मुलांना राहण्या-जेवण्याची सोय आणि बरोबरीने काम, शिस्त व स्वावलंबनाची सवय देणारी ही संस्था आजही चालते आणि तिच्या आधाराने शिकलेले लोक पुढच्या पिढीसाठी तिच्या कामात उतरतात.

या साऱ्या प्रयत्नांतून एक सूत्र हाती लागतं. मदत अशी हवी, की घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये. आणि ती माणसाकडून माणसाला पोहोचायला हवी.

पुण्यातला महिना

पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झालं. बॅरिस्टर मु. रा. जयकर पहिले कुलगुरू. गणेशखिंडीत चारशेहून अधिक एकरांचं आवार, मध्यभागी पूर्वीच्या गव्हर्नरांचं निवासस्थान असलेली मुख्य इमारत. २०१४ मध्ये त्याला सावित्रीबाई फुले यांचं नाव देण्यात आलं. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या जिल्ह्यांतल्या संलग्न महाविद्यालयांत मिळून लाखो विद्यार्थी शिकतात. मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातून पदव्युत्तर शिक्षणासाठी किंवा स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी येणाऱ्यांची त्यात भर पडते.

एवढ्या मोठ्या ठिकाणी वसतिगृहातली जागा सगळ्यांना मिळत नाही. मग कॉट बेसिसवर खोली, बाहेरची मेस, अभ्यासिकेचं मासिक शुल्क असा खर्च सुरू होतो. वसतिगृहात नाव नसताना मित्राच्या खोलीत राहणाऱ्या मुलाला विद्यापीठाच्या बोलीत 'पॅरासाईट' म्हणतात. नियमाने ते गैर आहे आणि वॉर्डनची फेरी आली की त्याला लपावं लागतं. तरीही वर्षानुवर्षं मुलांनी आपली अर्धी खोली आणि रिफेक्टरीतलं अर्धं ताट दुसऱ्यांना दिलं आहे. अधिकृत सोय जिथे संपते, तिथून विद्यार्थ्यांनी स्वतः उभी केलेली ही सोय आहे. प्रशासनाने तिच्याकडे केवळ शिस्तभंग म्हणून पाहिलं, तर किती खोल्या कमी आहेत हे सांगणारा सर्वांत खरा पुरावा डोळ्यांआड होईल.

शासनाच्या योजना आहेत आणि त्या मोलाच्या आहेत. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तीत पुण्यासारख्या मोठ्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये मिळू शकतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावे शुल्क शिष्यवृत्ती आहे आणि डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावे वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. २०२४-२५ पासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ठरावीक गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं पूर्ण शुल्क माफ झालं.

अडतं ते वेळेवर. मेसवाल्याला पैसे दर महिन्याला लागतात, खोलीमालकाला अनामत आधी लागते आणि अनुदान हप्त्यांनी, पुष्कळदा वर्ष सरत आल्यावर खात्यात पडतं. ६० हजारांचा हक्क असलेला विद्यार्थी सप्टेंबरात एक वेळ जेवून दिवस काढतो, कारण तो हक्क मार्चमध्ये पैशांच्या रूपाने येणार असतो. अर्जात उत्पन्नाचा दाखला जुना निघाला किंवा आधारशी जोडलेलं खातं बंद पडलेलं असलं, तर अर्ज परत येतो. त्या क्षणी महाविद्यालयातला शिष्यवृत्ती विभागाचा लिपिक हा त्या मुलाच्या शिक्षणातला सर्वांत महत्त्वाचा माणूस असतो. त्याने हाक मारून त्रुटी समजावली, तर मुलगा टिकतो. त्याने खिडकी बंद केली, तर गावची बस पकडतो.

पुणे विद्यापीठातली 'कमवा व शिका' योजना कर्मवीरांच्याच नावाने चालते. विद्यार्थी विकास मंडळाच्या देखरेखीखाली विद्यार्थी दिवसाचे काही तास ग्रंथालयात, विभागांत, बागेत काम करतात आणि तासावर मानधन मिळवतात. पैसे थोडे असतात, पण काम करताना ग्रंथालयातले कर्मचारी नावाने ओळखू लागतात आणि विभागातले शिक्षक चहाला विचारतात. टिंटोने सांगितलेल्या दोन्ही विणी एकाच कामातून घट्ट होतात.

मागण्याची लाज

जगभरच्या विद्यापीठांत एक गोष्ट सारखीच आढळते. ज्याला मदतीची सर्वांत जास्त गरज असते, तोच ती सर्वांत उशिरा मागतो. समुपदेशन केंद्र, शिष्यवृत्ती कक्ष आणि तक्रार समिती कागदावर असूनही ती रिकामी राहतात आणि मग 'विद्यार्थीच येत नाहीत' असं सांगितलं जातं. ही अडचण ओळखून काही ठिकाणी रचनाच उलटी केली गेली. मदतीने विद्यार्थ्याकडे जायचं, असं ठरलं.

न्यूयॉर्क शहराच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये आपल्या दोन वर्षांच्या पदविका महाविद्यालयांत 'असॅप' नावाचा कार्यक्रम सुरू केला. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचं आणि सल्लागाराला नियमित भेटायचं. त्या बदल्यात अपुरं पडणारं शुल्क माफ, पुस्तकांसाठी मदत आणि बस व भुयारी रेल्वेचा पास. सगळ्यात महत्त्वाचा फरक सल्लागाराच्या बाबतीत होता. एरवी एका सल्लागाराच्या वाट्याला सहाशेपासून दीड हजारापर्यंत विद्यार्थी येत. इथे ६० ते ८०. चिठ्ठ्या टाकून दोन गट करून या कार्यक्रमाची काटेकोर तपासणी झाली. तीन वर्षांत अभ्यासक्रम पूर्ण करणारे नेहमीच्या गटात २२ टक्के निघाले आणि 'असॅप'मध्ये ४० टक्के. मुलं त्याच वस्त्यांतली होती, शिक्षकही तेच होते. सोबत मात्र बदलली होती.

अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीत सहा वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचं प्रमाण २००३ मध्ये ३२ टक्के होतं. पुढच्या दशकभरात ते ५० टक्क्यांच्या वर गेलं. तिथे असं लक्षात आलं होतं, की अभ्यासात ठीक चाललेले अनेक विद्यार्थी थोड्याशा थकबाकीपायी पटावरून निघत आहेत. २०११ पासून विद्यापीठ अशा विद्यार्थ्यांची यादी स्वतःच काढतं आणि थकबाकी भरून टाकतं. विद्यार्थ्याने अर्ज करायचा नसतो, गरिबीचा दाखला घेऊन कोणाच्या दारात उभं राहायचं नसतं. २०१२ पासून गुण आणि विषयनिवडीवर रोज लक्ष ठेवणारी संगणकीय प्रणालीही आली. पहिल्याच वर्षी एखाद्या पायाभूत विषयात कमी गुण पडले, की सल्लागाराचा फोन जातो. अशा प्रणालीत धोकाही आहे. यंत्राने 'हा टिकणार नाही' असं म्हटलं, की सोप्या विषयाकडे वळवण्याचा मोह होतो. म्हणून यंत्राने फक्त घंटा वाजवावी, बोलायचं काम माणसाने करावं.

तासाभराचा प्रयोग

आता मनाच्या बाजूकडे येऊ. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तासाभराच्या सत्रात वरच्या वर्गांतल्या मुलांचे अनुभव वाचायला दिले. सुरुवातीला सगळ्यांनाच एकटं वाटतं आणि ते हळूहळू ओसरतं, असं त्यांत होतं. मग त्याविषयी स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगितलं. पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण वाढले आणि गोऱ्या विद्यार्थ्यांशी असलेलं त्यांचं अंतर निम्मं झालं.

तासाभरात एवढं घडतं म्हटल्यावर अनेकांना स्वस्तातला उपाय सापडल्यासारखं वाटलं. पण २०२३ मध्ये २२ संस्था आणि जवळपास २७,००० विद्यार्थ्यांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाने या उपायाची मर्यादा दाखवली. जिथे एखाद्या समाजगटातल्या विद्यार्थ्यांना आपलेपणा मिळण्याची खरोखरची संधी होती, तिथे या सत्राने टिकण्याचं प्रमाण वाढलं. जिथे ती संधीच नव्हती, तिथे दिलासा वाऱ्यावर गेला. 'तू इथलाच आहेस' असं सांगायचं असेल, तर ते आधी खरं असावं लागतं.

आपल्याकडे हा मुद्दा फार गंभीर आहे. दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाच्या तक्रारींची सुखदेव थोरात समितीने चौकशी केली. दलित आणि आदिवासी विद्यार्थी वसतिगृहात ठरावीक मजल्यांवर एकवटले गेल्याचं आणि शिक्षकांकडून डावलले जात असल्याचं समितीच्या २००७ च्या अहवालातून पुढे आलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमण्याचे नियम केले. तरीही आडनाव विचारून खोलीतला सोबती बदलून घेण्याचे प्रकार थांबले नाहीत. अशा ठिकाणी कितीही गोड स्वागतपत्र पाठवलं, तरी मुलगा त्यातलं खोटेपण ओळखतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये या प्रश्नावर माजी न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृतिदल नेमलं. त्याच वर्षी जुलैमध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, असा निर्देश दिला. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या जिन्यात लिहिलेला हवा. पण समुपदेशक हा शेवटचा टप्पा आहे. मेसचे पैसे थकलेल्या, वर्गात कोणाशी ओळख नसलेल्या मुलाची निराशा केवळ बोलून जात नाही. त्याच्या मनावर उपचार करताना त्याच्या महिन्याच्या खर्चाचीही तजवीज लागते.

विद्यापीठाला विचारायचे प्रश्न

विद्यापीठाच्या पत्रकात प्रवेशसंख्या, मानांकन आणि नोकरीचे आकडे असतात. विद्यार्थी तिथे टिकतो की नाही, हे जाणून घ्यायचं तर वेगळे प्रश्न विचारावे लागतात. पहिल्या वर्षाला आलेल्यांपैकी किती जण दुसऱ्या वर्षाला नव्हते, आणि त्यांना कोणी फोन केला का? वसतिगृहाच्या किती अर्जदारांना जागा नाकारली? शिष्यवृत्तीचे किती अर्ज त्रुटीमुळे परत गेले, आणि ती त्रुटी दुरुस्त करून देण्याचं काम कोणाकडे आहे? एका समुपदेशकामागे विद्यार्थी किती? प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला नावाने ओळखणारा एक शिक्षक पहिल्या महिन्यात ठरवून दिला जातो का?

यांतल्या एकाही प्रश्नासाठी नवी इमारत लागत नाही. नोंदी ठेवाव्या लागतात, माणसं नेमावी लागतात आणि त्यांच्या कामाला अर्थसंकल्पात जागा द्यावी लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठाचा अर्थसंकल्प अधिसभेपुढे, म्हणजे सिनेटपुढे येतो आणि त्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधर आपले दहा प्रतिनिधी निवडून पाठवतात. बहुतेक पदवीधर या नोंदणीच्या वाटेला जात नाहीत. शाहू महाराजांकडे संस्थान होतं, लक्ष्मीबाईंकडे मंगळसूत्र होतं. आज शिकून बाहेर पडलेल्या प्रत्येकाकडे हे मत आहे. ज्याला आपल्या पदवीच्या वाटेवर कोणाचा तरी हात मिळाला होता, त्याने मतदार म्हणून नाव नोंदवावं आणि मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला वरचे प्रश्न एकेक करून विचारावेत.